पुराव्यानिशी पुण्य

देवळाच्या दानपेटीत कुणी नोटांची जाडजूड गड्डी टाकली आणि नाव न सांगता निघून गेला, तर आयकर खात्याची काही हरकत नसते. तीच गड्डी त्याने अनाथाश्रमाच्या पेटीत टाकली, तर आश्रमाच्या हिशेबनिसाच्या कपाळाला आठ्या पडतात. आयकर कायद्यात २००६ साली ‘११५ बीबीसी’ नावाचे कलम आले. ज्या देणगीदाराचे नाव-पत्ता संस्थेच्या दप्तरी नाही, त्याची देणगी या कलमाने निनावी ठरते. अशा देणग्यांची वर्षाची बेरीज एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांचे पाच टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याच्या वर गेली, की वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे. थोडक्यात, गुप्तदान देवाच्या दारात करमुक्त आणि अनाथाच्या दारात करपात्र! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काळा पैसा होता, हे उघड आहे. पण नकळत त्यांनी एका फार जुन्या वादात उडी घेतली.

सत्कृत्याला पुरावा लागतो का, हा तो वाद. देणाऱ्यापुरते धर्मग्रंथांचे उत्तर बरेचसे एकमुखी आहे. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, या अर्थाचे येशूचे सांगणे सर्वांना ठाऊक आहे. कुराण उघड दानाला चांगले म्हणते, पण गरिबाला गुपचूप दिलेल्या दानाला त्याहून वर ठेवते. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मशास्त्रकाराने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. वरून दुसऱ्या पायरीवर देणाऱ्याला घेणारा माहीत नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. गीतेच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक दान परतफेडीची आशा न धरता दिलेले असते. सगळ्यांचा सूर एकच, की देणाऱ्याने मिरवू नये.

आता तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह चालवणारी एखादी छोटी संस्था घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, तेव्हापासून अशा संस्थांच्या आशा वाढल्या आणि फायलीही. अर्जाला काय काय जोडायचे? न्यासपत्र, नोंदणीचा दाखला, धर्मादाय कार्यालयातून काढलेला परिशिष्ट एकचा उतारा, पॅन, १२ए आणि ८०जी, सीएसआर-१ चा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सहीचे अधिकार देणारा ठराव, मागच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र. प्रत्येक झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ हा शिक्का आणि विश्वस्ताची सही.

घोडे अडते ते बहुधा परिशिष्टापाशी. एक विश्वस्त काही वर्षांपूर्वी वारलेले असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा, असे महाराष्ट्राचा १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा सांगतो. पण तेव्हा दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, पाण्याचा टँकर यायचा होता, कोणाच्या लक्षात राहणार? आता ठरावावर एक नाव, उताऱ्यावर दुसरे, बँकेत तिसरे. पंचवीस वर्षे मुलींची उस्तवार केलेल्या ताई धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर बसून मनात म्हणतात, वरचा बघतोय ना सगळे, मग हे कशाला?

हा वैताग समजण्यासारखा आहे. तरी तो शेवटपर्यंत टिकत नाही, आणि टिकू नये यासाठीचा आधार परंपरेतच सापडतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहाव्या क्रमांकाचे लेणे सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने कोरून घेतले. तिथला एक लेख म्हणजे दगडावरचा निधी-करारच आहे. ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यातले २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुदलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहावा: २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. अंदाजपत्रक असे बेतलेले, की आजच्या सनदी लेखापालाला बोट ठेवायला जागा मिळू नये. वर हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवले, असेही लेख सांगतो. ऋषभदत्ताला प्रसिद्धी नको होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आपल्या दानांची यादी त्याने लेण्यात अगदी मनमोकळेपणाने कोरून ठेवली आहे. तरी या लेखाचा भर दात्याच्या मोठेपणापेक्षा पैसा कोणाकडे, किती दराने आणि कशासाठी, यावरच अधिक आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर मराठी माणसाला पाठच असते. दुष्काळात पंतांनी बादशाही कोठारे भुकेल्यांना उघडून दिली. बिदरहून पकडायला माणसे आली. मग विठ्ठल विठू महाराच्या रूपात दरबारात गेला आणि धान्याचे पैसे मोजून दिले. इथपर्यंत सगळे सांगतात. पण कथेत पुढे एक बारकावा आहे: विठ्ठलाने पैशांची पावती मागून घेतली, आणि ती पंतांच्या पोथीत सापडली. साक्षात परमेश्वराला पावतीची काय गरज? गरज पंतांना होती. कोठार त्यांचे नव्हते, ते राखणदार होते. भुकेल्याला धान्य देणे हे पुण्य असेल, पण ते दुसऱ्याच्या कोठारातले असेल तर पुण्याने हिशेब मिटत नाही. लोककथेला हे कळले होते.

गुप्त राहण्याची मुभा दात्याला आहे. मधल्या माणसाला, म्हणजे एकाचा पैसा दुसऱ्यासाठी सांभाळणाऱ्याला, ती नाही. संत पौलाने जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा रक्कम पोचवायला मंडळ्यांनी निवडलेला सोबती बरोबर घेतला. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने कारण दिले, की देवासमोर चोख असणे पुरेसे नाही, माणसांसमोरही असले पाहिजे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात नियम आहे की दानाची रक्कम किमान दोघांनी मिळून गोळा करावी आणि तिघांनी मिळून वाटावी. गांधीजींनी १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस काढली, तेव्हा वर्गणीच्या पैन्‌पैची पावती देण्यावर त्यांचा कटाक्ष होता. चोख हिशेबाशिवाय सत्य निर्मळ राहत नाही, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. त्यामुळे धर्मादाय कार्यालयातल्या बाकावरचा ताईंचा वेळ अगदीच वाया जात नाही. कंटाळवाणा असतो, एवढेच.

पण फायलीचा उत्तरार्ध वेगळा असतो. तिथे संस्थेचे कागद संपतात आणि मुलींचे सुरू होतात. लाभार्थ्यांची यादी, आधारच्या प्रती, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, वडील वारले असल्यास मृत्यूचा दाखला. मग फोटो. हल्ली कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ उमटवणारे ॲप लागते. मुलगी नवे दप्तर छातीशी धरून उभी, मागे कंपनीचा फलक, आणि फोटो काढणारा म्हणतो, ‘जरा हस की.’ शेवटी ‘यशोगाथा’: दीड पानात तिच्या बापाचे दारूचे व्यसन, आईची मजुरी आणि संस्थेमुळे झालेला कायापालट. ती मुलगी पुढे कधी परिचारिका झाली, तरी तिच्या बापाची दारू कुणाच्या तरी वार्षिक अहवालात चकचकीत कागदावर छापलेली राहणार.

पुराव्याचे ओझे इथे हळूच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकते. पैसा विश्वस्ताच्या हाती, आणि उघडे पडायचे त्या मुलीने. नाशिकच्या लेखात रक्कम आहे, दर आहे, श्रेणी आहेत. वीस भिक्षूंपैकी एकाचेही नाव नाही. तिथे तपासायचे होते विणकर.

घेणाऱ्याची कधीच चौकशी करू नये, असा याचा अर्थ नव्हे. गीताही देश, काळ आणि पात्र पाहून द्यायला सांगते. प्रश्न किती आणि कधी, एवढाच. तालमूदच्या ‘बाबा बत्रा’ या भागात राव हुना आणि राव यहूदा यांचा यावर वाद आहे. अन्न मागणाऱ्याची चौकशी करावी, वस्त्र मागणाऱ्याची नको, असे हुना म्हणतात. उघड्या माणसाची अब्रू जाते, हे त्यांचे कारण. यहूदा नेमके उलट सांगतात. वस्त्र मागणाऱ्याची चौकशी करा, पण उपाशी माणसाला आधी वाढा, कारण भूक थांबत नाही. पुढच्या धर्मशास्त्राने यहूदांची बाजू धरली. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना ठरवून दिली, तिच्यातही याच जातीचा विवेक दिसतो. निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बलांसाठी १० टक्के सवलतीच्या; त्यासाठी तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. पण तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, अनामत मागायची नाही. प्रत्यक्षात दारावर काय घडते, ते ज्याने रुग्ण नेला आहे त्याला विचारावे.

निधी देणारे याच विवेकाने वागू लागले, तर फायलीचा उत्तरार्ध बराच आटोपशीर होईल. शिधा पोचला का, हे वाण्याच्या बिलावरून, साठा नोंदवहीवरून आणि अचानक दिलेल्या भेटीवरून कळते. मुलीच्या हसण्यावरून कळत नाही. फोटो हवाच तर खोल्यांचा, स्वयंपाकघराचा, फळ्याचा घ्यावा. नावांऐवजी क्रमांक चालतात. आणि यशोगाथा? ती मागणाऱ्या अधिकाऱ्याने आधी स्वतःच्या घरातली अशी दीड पाने लिहून पाहावीत.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. ज्यांच्या नावावर मजुरी उचलली गेली होती, ते समोरच बसले होते. खरे काय नि खोटे काय, ते तिथल्या तिथे सांगू लागले. पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी या सुनावण्या होत्या. तिथे गरिबांचा पुरावा तपासला जात नव्हता. गरीबच पुरावा तपासत होते. आपल्याकडच्या निधी-अहवालांचे काय होते? ते बहुतेक वेळा इंग्रजीत लिहिले जातात, मुंबई-दिल्लीला ईमेलने जातात, आणि ज्या वसतिगृहाबद्दल ते असतात तिथल्या मुलींना आपल्या नावावर किती ताटे, किती वह्या आणि किती रुपये दाखवले गेले, याचा पत्ता नसतो. मराठीतला हिशेब पालकांच्या सभेत वाचला आणि त्यांनी तो कबूल केला, असा सह्या-अंगठ्यांचा एक कागद अर्जाला जोडता येईल. त्याला खर्च काहीच नाही. निधी देणाऱ्यांच्या जोडपत्रांच्या याद्यांत मात्र तो क्वचितच मागितलेला दिसतो.