बुजरा घोडा

(शास्त्रभाग : याकोब 3:3, स्तोत्र 32:8, 9)



याकोबाने आपल्या पत्रात घोड्याच्या तोंडातील लगामाचा दाखला जिभेविषयी दिला आहे, आणि त्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. परंतु लगामाचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असते. आज त्या हाताकडे पाहू.

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तेथे, नाजूक हिरडीवर व जिभेवर, टेकते. म्हणून स्वाराच्या बोटांची लहानशी ओढही त्याला कळते. आणि स्वार स्वतःच भ्याला, तर तेही कळते. त्यात घोडा हा मुळात इतरांचे भक्ष्य होणारा प्राणी. डोळे बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नाकासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. वाऱ्याने फडफडणारा कागद आपणांस कागदच दिसतो. त्याला तो दबा धरून बसलेला वैरी वाटतो. त्याचे बुजणे हा हट्ट नव्हे.

ग्वाल्हेरीस आमच्या ओळखीचे एक वृद्ध चाबूकस्वार होते. बुजरे जनावर आले की ते प्रथम खोगीर उतरवून पाठ चाचपीत, मग दात पाहत. पाठ सोललेली असली तर शिकवणे कसले, आधी मलम! एका घोडीला वाळत घातलेल्या ताडपत्रीचे भय होते. ते तिच्यावर बसून, पावलाच्या चालीने, ती शांत राही तेथवरच तिला नेत. मान ताठ झाली, कान टवकारले, की थांबत. हात सैल, पाय सैल, स्वतःचा श्वास सावकाश. घोडीने मान खाली सोडून फुरफुर केली की एकच पाऊल मागत. पाऊल पडले की त्याच क्षणी लगाम ढिला. उशीर झाला तर शाबासकी कशाची ते तिला कळत नाही, असे ते म्हणत. ताडपत्रीजवळ पोहोचायला चार दिवस लागले. तेथे ते खाली उतरले, ताडपत्रीला आधी स्वतः हात लावला, मग तिला हुंगू दिली.

हेच ग्रीक लेखक झेनोफोन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, हे आम्ही फार पुढे वाचले. भ्यालेल्या घोड्याला मारल्यास, आपल्याला झालेली वेदना त्या वस्तूनेच दिली असे तो समजतो आणि अधिक भितो. घोड्याशी रागाच्या भरात कधीच वागू नये, असेही तो बजावतो.

वाचले तेव्हा आम्ही खाली मान घातली. आमच्या शब्बाथ शाळेत एक मुलगा सुवर्णवचन म्हणताना अडखळला होता. आम्ही त्याला सर्वांसमोर दरडावले, बाकावर हात आपटला, पुन्हा पुन्हा म्हणावयास लावले. वचन आणि दरडावणी त्याच्या मनात एक होऊन बसली. तो यावयाचा थांबला. रविवारी सकाळी त्याचे पोट दुखते, असे त्याच्या आईने सांगितले.

घोड्याखेचरासारखे निर्बुद्ध होऊ नका, हा बत्तिसाव्या स्तोत्रातील इशारा आम्ही शिक्षक मुलांना सहज ऐकवतो. पण त्याच्या अगोदरच्याच वचनात देव वाट दाखविण्याचे आणि आपल्यावर दृष्टी ठेवण्याचे अभिवचन देतो. आधी ते, मग लगाम. हा क्रम आम्ही उलटा केला होता.

आम्ही त्याच्या घरी गेलो. आमची चूक झाली, एवढे त्याला सांगितले. वचन विचारले नाही. चहा घेतला, त्याचा पतंग पाहिला, निघालो. दुसऱ्या रविवारी तो मंदिराच्या फाटकापर्यंत आला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला. आम्ही हाक मारली नाही. पायरीवरूनच हात हलविला. वळताना त्यानेही हलविला.