पाकोळ्यांची घरटी

राजा डंकन मॅक्बेथच्या किल्ल्यापाशी येतो, तेव्हा पहिल्याप्रथम त्याला तिथली हवा आवडते. सोबतचा सरदार बँको भिंतींकडे बोट दाखवतो. वळचणीला, खांबांच्या बेचक्यात, जिथे आधार मिळेल तिथे पाकोळ्यांनी घरटी केली आहेत. हा पक्षी जिथे पिल्लं वाढवतो तिथली हवा निर्मळच असते, असं बँकोचं निरीक्षण. प्रेक्षक मात्र अस्वस्थ असतो. नुकतंच त्याने त्याच किल्ल्यात लेडी मॅक्बेथला डोमकावळ्याचं नाव घेताना ऐकलेलं असतं. त्याच रात्री घुबड ओरडतं आणि पाहुणा अंथरुणात मारला जातो.

शेक्सपिअरने हे नाटक १६०६ च्या सुमारास लिहिलं. इतिहासातला मॅक्बेथ वेगळा होता. तिथला डंकन १०४० साली लढाईत पडला. त्यानंतर मॅक्बेथने १७ वर्षं राज्य केलं, मधे रोमची यात्राही केली. झोपलेल्या पाहुण्याचा खून शेक्सपिअरने होलिन्शेडच्या इतिहासग्रंथातून, पण डफ नावाच्या दुसऱ्याच राजाच्या हकिगतीतून उचलला. डोनवाल्ड नावाच्या सरदाराने बायकोच्या चिथावणीवरून डफला आपल्या किल्ल्यात झोपेत मारवलं, आणि पुढे सहा महिने त्या राज्यात दिवसा सूर्य दिसला नाही, घोड्यांनी स्वतःचंच मांस खाल्लं, घुबडाने ससाण्याचा गळा घोटला, असं होलिन्शेड सांगतो. म्हणजे गुन्हा आणि उत्पात दोन्ही एकाच हकिगतीतून आले.

नाटकात हे उत्पात एका छोट्या प्रवेशात उरकतात. सत्तर वर्षांच्या आठवणी असलेला एक म्हातारा आणि सरदार रॉस दिवसाढवळ्या दाटलेल्या काळोखाबद्दल बोलतात. उंदीर मारून पोट भरणाऱ्या घुबडाने ससाणा मारला. डंकनचे घोडे एकमेकांना खाऊ लागले. यावर अभ्यासकांनी दिलेलं स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. राजा हा देवाचा प्रतिनिधी, त्याला मारलं की सृष्टीची घडी विस्कटते. शेक्सपिअरच्या काळच्या प्रेक्षकांना ते पटण्यासारखंच होतं. १६०५ च्या नोव्हेंबरात पहिल्या जेम्स राजासकट पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा कट उघडकीला आला होता.

स्पष्टीकरण खरं आहे, पण अपुरं. ते मानलं तर निसर्ग म्हणजे सिंहासनाचा पहारेकरी ठरतो. नाटकात 'निसर्ग' या शब्दाचा अर्थ याहून जवळचा, अंगाला लागलेला आहे. खुनाआधी लेडी मॅक्बेथ दुष्ट शक्तींना साकडं घालते: माझं रक्त दाट करा, कळवळ्याच्या वाटा बुजवा. ज्या टोचणीला ती अडवू पाहते, तिला ती स्वतःच निसर्गाची टोचणी म्हणते. अपराधाची बोच ही बाहेरून झालेली शिक्षा नव्हे. श्वास आणि झोप जिथून येतात तिथूनच तीही येते, हे त्या मागणीतच कबूल झालेलं आहे. आणि तो निसर्ग त्याच रात्री डोकं वर काढतो. झोपलेला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच वार केला असता, असं ती सांगते. एवढ्या पाषाणहृदयी बाईच्या तोंडी एका लेकीचं हे वाक्य घालणं ही शेक्सपिअरची थोर जागा आहे.

म्हणूनच म्हाताऱ्याच्या प्रवेशानंतर सूर्याच्या ग्रहणाची गरजच उरत नाही. उत्पात माणसांच्या आत शिरलेला असतो. खुनाच्या रात्रीच मॅक्बेथच्या ओठांवर 'आमेन' आलेलं नसतं. झोपेचा खून झाल्याची आरोळी त्याला ऐकू आलेली असते. पुढे रोज रात्री भयाण स्वप्नं पडतात आणि त्याला मेलेल्या डंकनचा हेवा वाटतो, कारण डंकन शांत झोपला आहे. पक्षीही परत येतात, आता उद्ध्वस्त घरट्यांसाठी. जिला नवरा सोडून गेला आहे ती लेडी मॅकडफ म्हणते, इवलासा रेन पक्षीसुद्धा पिल्लांसाठी घुबडाशी झुंजतो. थोड्याच वेळात तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलावर वार होतो. बायकामुलांच्या हत्येची बातमी कळल्यावर तिच्या नवऱ्याच्या, मॅकडफच्या तोंडी पिल्लं आणि त्यांची आई उचलून नेणारी घारच येते.

शिरवाडकरांनी या नाटकाचं 'राजमुकुट' हे मराठी रूप केलं. २००३ सालच्या 'मकबूल' चित्रपटात ते मुंबईच्या गुन्हेगारी जगात आलं. नाटकातल्या चालत येणाऱ्या जंगलाच्या भाकिताच्या जागी तिथे घरापर्यंत येणाऱ्या समुद्राचं भाकीत आहे. मुकुट जाऊन टोळी आली, तरी झोपेतला खून आणि न जाणारे रक्ताचे डाग टिकले. नाटकाचा जीव राजेपणात असता तर हे जमलं नसतं.

मूळ नाटकात बर्नमचं जंगल चालतं, तेही सैनिकांनी तोडून हातात धरलेल्या फांद्यांमुळे. त्याच्या थोडंच आधी झोपेत चालण्याचा प्रवेश आहे. लेडी मॅक्बेथ, आता राणी, डोळे उघडे ठेवून हात चोळत राहते. वैद्य हात टेकतो. हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे, म्हणतो. दासीने आधीच सांगितलेलं असतं, की जवळ सतत दिवा असावा अशी राणीचीच आज्ञा आहे. सुऱ्याला जखम दिसू नये म्हणून जिने दाट रात्र मागितली होती, ती आता अंधाराला भिते. १७८५ साली लंडनच्या ड्रुरी लेन रंगभूमीवर सारा सिडन्स ही भूमिका करायला उभी राहिली. आधीच्या अभिनेत्री या प्रवेशात मेणबत्ती हातातून सोडत नसत. सिडन्सने ती खाली ठेवली, कारण हात धुवायला दोन्ही हात मोकळे लागतात.