पानशेतचे पाणी आणि यिर्मयाचे शेत



आपल्यातल्या आजी-आजोबांना 12 जुलै 1961 ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. ‘पानशेत’ एवढे म्हटले की पुरे. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सावरले, पण सकाळी ते फुटले. पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तरुणांची आठवण अलीकडची आहे : 25 सप्टेंबर 2019 ची रात्र, आंबिल ओढ्याचा पूर, अरण्येश्वर-सहकारनगर भागात वाहून गेलेले संसार. हे सारे बिबवेवाडीच्या शेजारीच घडले.

अशा दुःखितांना ‘झाले गेले विसरून जा’ म्हणणे सोपे असते. म्हणणाऱ्याचे काही गेलेले नसते. संत पौल फिलिप्पैकरांस लिहिताना मागचे मागे टाकून पुढे धावण्याविषयी बोलतो खरा, पण त्याच पत्रात आपण ख्रिस्तसभेचा छळ केल्याचेही सांगतो. म्हणजे तो विसरलेला नाही. त्याने तिथे मुक्काम मात्र केला नाही.

यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट पाहा. यरुशलेमला बाबिलोनच्या सैन्याचा वेढा पडलेला. शहर पडणार असे यिर्मया उघड सांगत होता आणि त्यासाठीच राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवले होते. तिथे त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. अशा वेळी जमिनीला कोण पैसे देतो! यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत केले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि कागद पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे यांचे व्यवहार होतील, असे देवाचे वचन त्याला मिळाले होते. त्या दिवशी त्याचे मन हलके झाले असेल असे आम्हांला वाटत नाही. कारण व्यवहार उरकल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतोच, की शहर शत्रूच्या हाती जात असताना मला हे शेत का घ्यायला लावलेस?

पुणेकरांनीही गाळ उपसला, वसाहती उभारल्या आणि पानशेतचे धरण पुन्हा बांधले. जे फुटले त्याच धरणाचे पाणी आज खडकवासल्यात येऊन शहराच्या नळांना मिळते. सकाळी हंडा भरताना हे आपल्या किती जणांच्या मनात येते?

आणि आपल्या घरांत? गावच्या जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही. कारखाना बंद पडला, त्याच्याच आठवणीत बसलेला बाप मुलाचा नवा धंदा पाहायलाही जात नाही. कोविडमध्ये गेलेल्या माणसाच्या खोलीचे कुलूप अजून निघालेले नाही. ‘पूर्वी चर्च कसे भरायचे’ हे तर आम्हीही म्हणतो, आणि म्हणता म्हणता समोर बसलेली मुले आमच्या नजरेतून सुटतात.

पवित्र मिस्सेत आपण प्रभूचे मरण आठवतो आणि त्याच दमात तो पुन्हा येणार असे म्हणतो. आपली आठवण अशी पुढे तोंड करून असते. 2025 च्या जयंती वर्षात पोप फ्रान्सिस यांनी आपल्याला आशेचे यात्रेकरू म्हणून बोलावले. ते स्वतः त्याच वर्षी 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पित्याच्या घरी गेले.

ज्यांना या आठवड्यात ते कुलूप काढायचे आहे, त्यांनी एकट्याने काढू नये. शेजारच्या कुटुंबाला बरोबर घ्यावे किंवा फादरांना हाक मारावी. ज्यांना भावाला फोन करायचा आहे, त्यांनी वाटणीचा विषय न काढता मुलाबाळांची चौकशी करावी. त्याने उचलला नाही, तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर पुन्हा लावावा.