निवृत्तीचं वय

परवा आमच्या नातीनं तिच्या आजीच्या साडीचा नवाकोरा फॉल लाटण्याला बांधला आणि बाहेरच्या खोलीत असा गरगरा फिरवला, की माझा चहा आणि चष्मा एकदमच जमिनीवर आले. "आजोबा, याला रिदमिक जिम्नॅस्टिक्स म्हणतात!" असा वर खुलासा. आमच्या तळेगाव दाभाड्याची हवा चांगली, म्हणून माणसं निवृत्त होऊन इथं निवांत राहायला येतात, हे त्या पोरीला कोणी सांगावं?

प्रश्न असा, की तिला रोज लोकलनं पुण्याला शिकायला पाठवायचं की नाही. चिरंजीवांनी निकाल माझ्यावर सोपवला. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि निकाल चुकला तर तो त्याच्या नावावर टाकता येतो.

मी माहिती काढली. मोठ्या स्पर्धेतली फीत ६ मीटर. म्हणजे पाचवारीहून लांब, नऊवारीहून आखूड. १३ मीटरच्या चौकोनात फार तर दीड मिनिट खेळायचं. फितीला गाठ पडली की गुण गेले. या दीड मिनिटासाठी सगळं बालपण घालवायचं, आणि विशीतच बहुतेकींचा खेळ संपतो! मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, तर सहा महिने हिच्या फोडणीत चुका काढत होतो. विशीत निवृत्त झालेल्या मुलीनं उरलेली साठ वर्षं कोणाच्या फोडणीत चुका काढायच्या? पोराबाळांना असं लवकर शिखरावर चढवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

'नको' म्हणणारच होतो, पण उदाहरणं आडवी आली. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथम आला. सोव्हिएत आणि बल्गेरियन मातब्बर मुली बहिष्कारामुळे आल्या नव्हत्या. सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फंगनं नेलं. त्या पदकावर ती बसून राहिली नाही, पुढे मुलींना शिकवू लागली. लांब कशाला जा? आपल्या ठाण्याची पूजा सुर्वे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत खेळली, पुढे शिकवायला उभी राहिली. तिच्याकडे शिकलेल्या संयुक्ता काळेनं २०२२ साली पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं मिळवली.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली जिंकलेल्यांची नावं, हरलेल्यांचं काय? खरं आहे. त्यांची नावं मला सापडली नाहीत. पण हरलेल्यांनी निदान उडी तरी मारली होती. मी पस्तीस वर्षं कचेरीत इतका जपून चाललो, की पडलो नाही आणि चढलोही नाही.

शेवटी नातीलाच विचारलं, "वीस वर्षांची झालीस की मग काय करशील गं?"

"आजोबा, मी नऊ वर्षांची आहे," ती म्हणाली.

निकाल लागला. हल्ली रोज संध्याकाळी तिला लोकलनं मीच नेतो. फोडणीकडे बघायला वेळच होत नाही. या खेळाचा पहिला फायदा आपल्याला झाला, असं हिचं म्हणणं आहे. फॉल मात्र तिनं परत मागितलाय.