सुखाचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत मोठे औदार्य आहे. थोर माणसाचा जन्म कोठे झाला हे उकरून काढून त्याचे थोरपण कमी लेखू नये, हा तिचा मूळ आशय. परंतु म्हणी वापरता वापरता सैल होतात. 'मूळ विचारू नये' हा नियम आपण हळूहळू आपल्या साऱ्या सुखांना लावला आहे. ताटात वाढलेले अन्न, अंगावरचे वस्त्र, सुट्टीतली मौज, यांतील कशाचेच मूळ विचारायचे नाही. विचारले तर रसभंग होतो. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. उपभोग घेणाऱ्यावर त्या उपभोगाच्या उगमाची चौकशी करण्याचे काही बंधन आहे काय? आणि चौकशी केल्यावर जे हाती लागेल, त्याचे त्याने करायचे काय?

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही. एका सहलीत पडला. मॉरिशस बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात शामारेल नावाचे डोंगरी खेडे आहे. समुद्रकिनाऱ्यावर उतरलेल्या प्रवाशांना एका दिवसात तेथे नेऊन आणण्याची सोय असते. सकाळी धबधबा पाहायचा, मग लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबड्या-जांभळ्या छटा धारण केलेल्या मातीच्या टेकड्या पाहायच्या, आणि दुपारी उसाच्या रसापासून रम तयार करण्याचा कारखाना पाहून, चार घोट चाखून परतायचे, असा साधारण क्रम. आम्ही दहा-बारा जण होतो. वाटाड्या म्हणून त्याच भागातली एक प्रौढ क्रिओल बाई बरोबर होती. तिचे बोलणे मृदू आणि नेटके होते.

धबधबा खरोखरच पाहण्यासारखा आहे. ऐंशी मीटरांहून अधिक उंचीवरून पाणी एकाच झेपेत खाली येते आणि भोवतालच्या गर्द झाडीत तळाचा डोह जवळजवळ दिसेनासा होतो. तेथे उभा असता माझे मन प्रसन्न झाले आणि, खरे सांगायचे तर, थोडे अहंकारीही झाले. ज्या घरात दारूचा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जाई, त्या घरात मी वाढलो. त्यामुळे त्या दिवसाचा एक जमाखर्च मी मनातल्या मनात मांडून ठेवला होता. धबधबा हा पुण्याचा भाग, कारखाना हा पापाचा. पहिला मनसोक्त पाहायचा. दुसऱ्यात केवळ सोबत्यांसाठी पाऊल टाकायचे. पुढे पेले समोर आले तेव्हा मी नम्रपणे हात जोडले आणि स्वतःविषयी समाधान पावलो. मग मला चहा देण्यात आला. त्यात मी दोन चमचे साखर घातली. ढवळता ढवळता समोरच्या उसाकडे दृष्टी गेली, आणि माझा जमाखर्च चुकला आहे हे तत्क्षणी ध्यानात आले. रम आणि साखर ही एकाच उसाची लेकरे. एकीला मी दारात उभे केले नाही आणि दुसरीला आयुष्यभर ओठांशी लावत आलो. माझा नकार खरा होता, परंतु तो मला फार स्वस्तात पडला होता.

त्या कारखान्यात पाहिलेली एक क्रिया मनात राहिली आहे. ऊस चरकात घालून रस काढतात, तो आंबवतात, आणि आंबलेला रस तांब्याच्या पात्रात तापवून त्याची वाफ थंड करतात. मद्यार्क ७८ अंशांच्या सुमारास उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. या फरकावर सारी विद्या उभी आहे. मात्र नळीतून जे येते ते सगळे घेत नाहीत. प्रथम येणारा भाग उग्र आणि अपायकारक असतो; तो वेगळा काढतात. शेवटी येणारा भाग जड आणि कुबट वासाचा असतो. तोही वेगळा काढतात. मधला तेवढा ठेवतात आणि ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. कोठे तोडायचे आणि कोठे थांबायचे हे ज्याला कळते, तो खरा कारागीर.

मला वाटले, एका दिवसाची सहल हीदेखील अशीच तयार होते. प्रदेशाचा उग्र प्रारंभ बाजूला, जड शेवट बाजूला. मधला सुवासिक अंश तेवढा पाहुण्यापुढे ठेवायचा. यात कोणाचा कपटभाव असतो असे नव्हे. आठ तासांत तीन स्थळे आणि एक जेवण बसवायचे म्हटल्यावर काहीतरी गाळावेच लागते. पण या बेटाच्या बाबतीत गाळले जाणारे काय आहे, हे पाहण्यासारखे आहे.

ऊस हा या बेटाचा मूळचा रहिवासी नव्हे. डच लोकांनी तो १६३९ साली जावाहून आणला. पुढे फ्रेंचांच्या अमलात आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर मळे उभे राहिले. १८१० साली बेट इंग्रजांनी जिंकले. तरी गुलामगिरी तेथे संपली ती १ फेब्रुवारी १८३५ रोजी. संपली म्हणताना एक गोष्ट विसरू नये. साम्राज्यातील गुलामांच्या मालकांना ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. गुलामांना काही दिले नाही. उलट त्यांनी आणखी काही वर्षे जुन्या मालकांकडेच 'उमेदवारी' करावी असा कायदा झाला. दरम्यान मळ्यांना नवे हात हवे होते. ते १८३४ पासून हिंदुस्थानातून येऊ लागले. पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख माणसे कराराच्या कागदावर अंगठा उमटवून या किनाऱ्याला लागली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास येथून आली. काही मुंबई बंदरातून, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, आणि गणेश चतुर्थी हा त्या देशात सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. म्हणजे त्या उसाशी माझे नाते केवळ चहाच्या पेल्यापुरते नव्हते.

परतीच्या वाटेवर एका वळणावरून समुद्र आणि ल मोर्नचा प्रचंड कडा दिसला. मी बाईंना त्या डोंगराविषयी विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि मग सांगू लागल्या. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्या कड्याच्या आश्रयाने राहत. मुक्तीची वार्ता घेऊन शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला पुन्हा धरण्यास आले आहेत असे समजून कित्येकांनी खाली उड्या घेतल्या, अशी लोकांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. २००८ साली युनेस्कोने त्या डोंगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे सगळे त्यांनी शांतपणे सांगितले. "आपण हे सकाळीच का नाही सांगितलेत?" असे मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, "सर, कोणी विचारले की मी नेहमी सांगते. आज आपण आत्ता विचारलेत."

या उत्तराने दोष कोठे आहे हे मला कळले. तो सांगणाऱ्याकडे नव्हता. मूळ विचारू नये ही म्हण घेऊन मीच गाडीत बसलो होतो.

आता दुसरा प्रश्न. विचारले, कळले; पुढे काय? आमच्यातला एक तरुण गृहस्थ म्हणाला, "प्रोफेसरसाहेब, असा विचार करू लागलो तर जगात कोठे जाताच येणार नाही." त्याच्या बोलण्यात तथ्य होते. ज्याचा इतिहास स्वच्छ आहे असा देश कोणता? त्यागाचा मार्ग मात्र काही वेळा खरोखर फलदायी झाला आहे. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटात फेटाळला गेला, तेव्हा इंग्लंडातील हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर घरात आणणे सोडले. मताचा अधिकार नसलेल्या गृहिणींनी चहाच्या मेजावर आपले मत नोंदवले. परंतु त्या त्यागाला अर्थ होता तो अन्याय त्या वेळी चालू होता म्हणून. तो पैशावर जगत होता आणि पैसा रोखून त्याला घायाळ करता येत होते. आज मी शामारेलला न जाण्याचे ठरवले, तर १८३५ पूर्वीच्या कोणत्या गुलामाची बेडी सुटेल? बुडेल ती त्या वाटाड्या बाईंची दिवसाची कमाई.

तर मग स्मरण हेच कर्तव्य मानावे काय? मला काही काळ तसे वाटले. पण यात एक फसवणूक दडलेली आहे, आणि आम्हा सुशिक्षितांना तिचा मोह विशेष पडतो. धबधबा पाहिला, रम चाखली, आणि वर थोडे दुःखही अनुभवले; म्हणजे सहलीच्या दोन प्रेक्षणीय गोष्टींत करुणा ही तिसरी जमा झाली. मेलेल्यांसाठी हळहळणे सोपे असते, कारण ते काही मागत नाहीत. ज्या जाणिवेने माझ्या वागण्यात तसूभरही फरक पडत नाही, ती जाणीव नव्हे, ती चैन आहे.

ही चैन फार दिवस टिकली नाही. मॉरिशसच्या करारबद्ध मजुरांविषयी वाचू लागलो तेव्हा त्यांच्या एका शिक्षेचे वर्णन वाचनात आले. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापीत. तेथे तिला 'दुहेरी काट' म्हणत. १८७१ साली ॲडॉल्फ द प्लेवित्झ याने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि पुढे शाही आयोग नेमला गेला, त्यात अशा अनेक तक्रारी पुढे आल्या. ते वाचताना मला वाटले, हा शब्द निराळा असला तरी ही गोष्ट मी कोठेतरी ऐकली आहे. ती ऐकली होती आपल्याच महाराष्ट्रात. बीड आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांची लक्षावधी कुटुंबे कारखान्यांच्या मुलखात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदादच हत्याराने होते. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत सुटका नसते. एक दिवस काम चुकले की 'खाडा' धरतात. मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. पाळीच्या वा आजाराच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून कित्येक तरुण स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याची वृत्ते आली, आणि २०१९ साली राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली.

मॉरिशसमधील दुहेरी काट इतिहासजमा झाली आहे. खाडा इतिहासजमा झालेला नाही.

आता मी प्रवरेकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. भंडारदऱ्याच्या खाली रंधा धबधबा आहे. पावसाळ्यात तो पाहण्यास माणसांची रीघ लागते. त्याच नदीचे पाणी १९२६ साली पुरे झालेल्या धरणातून कालव्यांत आले, कालव्यांमुळे ऊस आला, आणि १९५० च्या सुमारास लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकाराच्या पाशातून कुणब्याला सोडवणारे ते खरे मोठे कार्य होते. त्याला मी उणे लेखत नाही. पुढे राज्यातील अनेक कारखान्यांच्या शेजारी मळीपासून मद्यार्क काढणारी आसवनीही आली. म्हणजे धबधबा आणि भट्टी ही जोडी पाहण्यास समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. ती घराजवळच होती, एकाच पाण्याच्या दोन टोकांना. मधल्या शेतात कोयता चालवणारी बाई तेवढी मला दिसत नव्हती. तिचे मूळ मी विचारले नव्हते.

तर माझे उत्तर असे आहे. सुखाचे मूळ विचारावे. सुखाला शाप देण्यासाठी नव्हे, तर देणे कोणाचे लागतो ते कळावे म्हणून. ज्यांचे देणे होते ते जर काळाच्या पलीकडे गेले असतील, तर ते आज त्याच स्थितीत जे आहेत त्यांना द्यावे. आपण ज्याला पितृऋण म्हणतो तेही पितरांना परत करता येत नाही, पुढच्यांनाच फेडावे लागते. हे देणे कसे फेडायचे? प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे. कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत तोडणीवाल्यांच्या खाड्याविषयी प्रश्न विचारू शकतो. शिक्षक त्यांच्या मुलांना हंगामात शाळेत ठेवून घेण्यासाठी खटपट करू शकतो. ज्याला यांपैकी काहीच शक्य नाही, त्याने निदान त्यांची हकीगत आपल्या मुलांना जेवताना सांगावी.

त्या बाईंना निरोप देताना मी आभार मानले. त्यांनी विचारले, "आपल्या देशातही ऊस होतो ना?" मी "हो" म्हणालो. "तो कोण तोडतो?" असे त्यांनी पुढे विचारले असते, तर त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नसते. त्यांनी ते विचारले नाही. तो त्यांचा पाहुणचार होता. ते मी स्वतःला विचारायला हवे होते.