चिपाडांची वाट

एक शिपाई होता. तो कविता करायचा. त्याचं नाव अल्बर्तो बायो. 1892 साली तो क्युबातल्या कामाग्वे इथे जन्मला, तेव्हा क्युबावर स्पेनचं राज्य होतं. मोठा होऊन तो स्पेनच्या लष्करात गेला, विमान चालवायला शिकला, आणि पुढे मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरांत लढायला जाऊन पोचला.

तिथे स्पेनकडे तोफा होत्या, विमानं होती. समोर होते डोंगरातले रिफी लोक आणि त्यांचा पुढारी अब्द अल-करीम. या लोकांनी 1921 साली अन्वालला स्पेनच्या फौजेची अशी दाणादाण उडवली होती की हजारो सैनिक एकाच मोहिमेत गेले. शत्रू दिसतच नसे. अंधारात यायचा, घाव घालायचा आणि उजाडायच्या आत खडकांत नाहीसा व्हायचा. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. सह्याद्रीने हे सगळं पाहिलंय, आणि ‘गनिमी कावा’ हे शब्द आपल्या कानावर शाळेच्याही आधीपासून आहेत. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. गनिमी लढाईसाठीचा ‘गेरिला’ हा शब्द मुळात स्पॅनिश. नेपोलियनच्या फौजांना स्पेनच्या खेडुतांनी याच रीतीने जेरीस आणलं होतं. शंभर वर्षांत राज्यकर्ते आपलीच विद्या विसरले आणि ती त्यांना शत्रूच्या हातून मार खाऊन पुन्हा पाहावी लागली.

हरलेली फौज बहुधा शत्रूला शिव्या देते. बायोने त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिलं. मूठभर माणसं एवढ्या मोठ्या फौजेला पुरून कशी उरतात, हे त्याने मनात टिपून ठेवलं.

तरी शहाणपण एका फटक्यात येत नाही. 1936 साली स्पेनमध्ये यादवी पेटली. बायो प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला आणि ऑगस्टमध्ये मायोर्का बेट घ्यायला हजारो माणसं घेऊन किनाऱ्यावर उतरला. ही मोहीम गनिमी नव्हती, उघडी मैदानी चढाई होती. किनाऱ्याची चिंचोळी पट्टी हातात आली आणि तिथेच सगळं अडकलं. शत्रूच्या बाजूने उतरलेल्या इटलीची विमानं वरून बाँब टाकू लागली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला माणसं परत जहाजांवर चढवावी लागली. पुढे गनिमी युद्ध करा, असं तो आपल्या लोकांना सांगत राहिला, पण त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1939 साली प्रजासत्ताक कोसळलं. बायो मेक्सिकोत निर्वासित झाला. वैमानिकांना शिकवू लागला, फर्निचरचा कारखाना चालवू लागला. कवी होता, कविता लिहीत राहिला. साठी उलटली.

आणि 1955 साली एक उंचापुरा तरुण वकील त्याच्या दारात आला. त्याचं नाव फिदेल कास्त्रो. क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता याला मी उलथून टाकणार आहे, माझ्या माणसांना लढायला शिकवा, असं तो म्हणाला. माणसं किती आहेत? अजून जमवायची आहेत. बोट? पैसे आले की घेईन. पैसे? तेही गोळा करायचे आहेत. बायोने पुढे लिहून ठेवलंय, की त्याला मनातून हसू आलं होतं आणि हो म्हणायला आपलं काय जातंय म्हणून त्याने हो म्हटलं. पण काही महिन्यांनी तो तरुण खरंच पैसे घेऊन परत आला, तेव्हा या म्हाताऱ्याने शब्द फिरवला नाही. कारखाना विकला, नोकरी सोडली. व्यवहारी माणूस असता तर पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं असतं. मला वाटतं, त्या दिवशी दारात उभा होता तो त्याच्यातला कवी.

मेक्सिकोतल्याच चाल्कोजवळच्या सांता रोसा नावाच्या रँचवर शाळा भरली. रात्र रात्र चाल, डोंगर चढणं, नेमबाजी, कमी खाणं, कमी झोपणं. शिकणाऱ्यांत अर्जेंटिनाचा एक दमेकरी डॉक्टर होता, अर्नेस्तो गेव्हारा. पुढे जग त्याला ‘चे’ म्हणू लागलं. डोंगर चढताना त्याची छाती भरून यायची, तरी सगळ्यांत जास्त गुण त्यालाच मिळायचे. रात्री गुरू-शिष्य बुद्धिबळाचा पट मांडून बसत.

या शाळेत बायो काय शिकवत होता, याचा मी पुष्कळ विचार केला. मायोर्का तर तो हरला होता. विजयाचा एकही तुरा त्याच्या पगडीत नव्हता. जे होतं ते दोन हारींतून आलेलं. एक हार शत्रूने दिलेली, दुसरी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली. गोष्टीचं सार एवढंच, आणि ते साधं आहे: ज्याने आपल्याला हरवलं त्याच्याकडून शिकावं, आणि ते पुढच्याला देताना आपली हार लपवू नये.

पण गुरू शिकवतो म्हणून शिष्य शिकतोच असं नाही. 25 नोव्हेंबर 1956 च्या पहाटे मेक्सिकोतल्या तुक्सपानहून ‘ग्रान्मा’ ही लहानशी बोट 82 जणांना घेऊन सुटली. वयामुळे बायो मागे राहिला. 2 डिसेंबरला बोट क्युबाच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या चिखलात रुतली. भुकेने कासावीस झालेली पोरं रात्री उसाच्या फडांतून चालली. ऊस मोडला, चघळला आणि चिपाडं वाटेवरच टाकत गेली. मागे खूण ठेवू नये हा गनिमी युद्धाचा पहिला धडा, आणि इथे तर चिपाडांनी आखलेली सरळ वाटच मागे पडत होती. त्यातच त्यांच्या वाटाड्याने जाऊन सैन्याला खबर दिली. 5 डिसेंबरला आलेग्रिया दे पिओ इथे ते थकून पडले असताना गोळ्या सुरू झाल्या. कुणी मारले गेले, कुणी पकडले गेले. सिएरा माएस्त्राच्या डोंगरात पुन्हा एकत्र आले ते जेमतेम वीसेक जण. त्या चिपाडांची गोष्ट चे गेव्हाराने स्वतः लिहून ठेवली. आपली चूक त्याने झाकली नाही, आणि म्हणूनच तो मला बायोचा खरा शिष्य वाटतो.

त्या वीसेक जणांमागे पुढे डोंगरातले शेतकरी उभे राहिले. 1 जानेवारी 1959 च्या पहाटे बातिस्ता देश सोडून पळाला. त्यानंतर आलेल्या फिदेलच्या राज्याने क्युबाला काय दिलं आणि लोकांकडून काय काढून घेतलं, हा हिशेब मोठा आहे, तो या गोष्टीत मावणार नाही. बायो त्याच वर्षी क्युबात परतला, तेव्हा सदुसष्टीला आला होता. आपली विद्या त्याने दीडशे प्रश्नोत्तरांच्या एका छोट्या पुस्तकात मांडली होती. 1967 च्या ऑगस्टमध्ये तो हवानात वारला. दोन महिन्यांनी त्याचा पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी चे, जो तसंच युद्ध लढायला बोलिव्हियात गेला होता, तिथल्या डोंगरात पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी मारला गेला. तिथले शेतकरी त्याच्या बाजूने उभे राहिले नव्हते.