चोराचा हेतू आणि आपला निवाडा

कृतीचे मूल्यमापन करताना कर्त्याचा हेतू विचारात घ्यावा काय, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न जुलै २०२४ मधील नेरळच्या एका घटनेने मराठी साहित्यव्यवहाराच्या दाराशी आणून ठेवला. कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या तेथील घरात राहणारी त्यांची कन्या व जावई विरारला मुलाकडे गेले होते. बंद घरातून चोराने टीव्हीसह काही वस्तू नेल्या. पुन्हा आला असता सुर्वे यांचे छायाचित्र त्याच्या नजरेस पडले. त्याने टीव्ही परत आणून ठेवला आणि भिंतीवर माफीची चिठ्ठी लावली. ही बातमी सर्वत्र कौतुकाने वाचली गेली.

हे कौतुक तपासून पाहिले पाहिजे. कायदा उद्देश आणि प्रेरणा यांत भेद करतो. दुसऱ्याची वस्तू संमतीवाचून, अप्रामाणिक उद्देशाने नेली की चोरी घडते. त्यामागे भूक होती की हाव, हा प्रश्न फार तर शिक्षेच्या प्रमाणापुरता उरतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत, प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. राहत्या घरातील चोरीस मात्र सात वर्षांपर्यंत कारावास आहे. म्हणजे परतफेडीला कायदा काही मोल देतो. घर कोणाचे, याला देत नाही.

समीक्षेच्या अभ्यासकाला येथे विम्झट आणि बिअर्ड्‌स्ली यांचा १९४६ मधील युक्तिवाद आठवेल: कवीचा हेतू हा कवितेच्या मूल्याचा निकष नव्हे. परंतु कविता कवीपासून सुटी होते, तशी कृती कर्त्यापासून होत नाही. शिक्षा माणसाला होते. म्हणूनच हेतूमुळे चोरीचे अनुचितत्व बदलत नसले, तरी चोराविषयीचा निवाडा बदलू शकतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या हेतूमुळे?

चिठ्ठीचा आशय असा, की घर सुर्वे यांचे आहे हे ठाऊक असते तर चोरी केली नसती. हे विधान सशर्त आहे. त्यातील खंत चोरीची नसून घर चुकल्याची आहे. शेजारच्या अनोळखी कुटुंबाचा टीव्हीही परत गेला असता, असे ती म्हणत नाही. आपली क्षमाही त्याच शर्तीला बांधलेली आहे. चोराने आपल्या कवीला ओळखले, याचा आनंद आपण नैतिक निवाडा समजून बसलो.

पकडले जाण्याचा धोका पत्करून तो परत आला, हे त्याच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण मुंबईच्या रस्त्यावर अनाथ म्हणून वाढलेल्या, गिरणीत राबलेल्या सुर्वे यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) पासून ज्यांना कवितेच्या केंद्रस्थानी आणले, ती माणसे नाव नसलेलीच होती. त्यांच्या घरांवर अशी छायाचित्रे नसतात. चोराच्या हेतूला मोल द्यायचे, तर तो अशा घराच्या उंबरठ्यावरही टिकेल काय, हे विचारले पाहिजे. आणि हाच प्रश्न आपल्या क्षमेलाही विचारला पाहिजे.